टाकीचा मारुती

माझं वऱ्हाड दुपारच्या गाडीनं उतरलं आणि फलाटावरच बसलं. बसलं ते उठेचना.

मांडव तिथून दोनशे पावलांवर. आमची माणसं गूळपाणी घेऊन सामोरी गेलेली, वाजंत्र्यांनी दोनदा सुरू करून दोनदा थांबवलेलं, आणि वऱ्हाडातली चाळीस माणसं आपापल्या वळकट्यांवर बूड टेकून माळाकडं बघत बसलेली. मी मांडवात पाटावर, हळदीच्या अंगानं, हातात कंकण बांधून. पंधरावं नुकतंच सरलेलं. नवरदेव मी पाहिला नव्हता, आणि आता बघायला मिळतो की नाही असं वाटायला लागलं होतं. हळद वाळून अंग चरचरत होतं, एका जागी बसवत नव्हतं. उठले की मावशी खांदा दाबून खाली बसवायची. हळद लागल्यावर नवरीनं मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नसतं.

शेवटी चिमा पळत आली. चिमा म्हणजे कचरू गँगमनची पोरगी, माझ्याच वयाची. ती मांडवाच्या कडेला उकिडवी बसली आणि धापा टाकत म्हणाली, "केवळे, तुझा सासरा इचारतोय, मारुती कुठं हाय?"

मी म्हटलं, कुठला मारुती? आणि म्हणता म्हणताच माझ्या ध्यानात आलं.

आमच्या मुलखात नवरदेव आला की आधी परण्या निघतो. नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत गावच्या मारुतीला न्यायचं, तिथं त्यानं नारळ फोडायचा, आणि मगच मांडवात यायचं. मारुतीचं दर्शन झाल्याशिवाय त्याला मांडवात पाय टाकता येत नाही. आणि आमच्या टाकीला मारुतीच नव्हता. सगळं होतं हो. स्टेशन होतं, मालधक्का होता, आमच्या आबांचं भुसाराचं दुकान होतं, एक लोहार, एक शिंपी, एक चहावाला, वर्षभरापासून गुरुवारचा बाजारसुद्धा भरत होता. इंजिनाला पाणी पाजायला कंपनीनं उंच लोखंडी टाकी उभारली म्हणून जागेचं नावच टाकी पडलेलं. पण अकरा घरं अकरा गावांहून आलेली. पोराचं जावळ असो, नवस असो, जो तो नारळ घेऊन आपापल्या गावी जायचा. इथं नुसतं पोट भरायला राहायचं, गाव म्हणजे ते मागं सोडलेलं, असं ज्याच्या त्याच्या डोक्यात. सहा वर्षांत एकालाही सुचलं नाही की इथं देव पाहिजे. आमच्या आबांनासुद्धा नाही, आणि आबा म्हणजे दहा गोष्टींचा विचार करून मग एक बोलणारा माणूस.

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न आमच्या जुन्या गावी, बोरखेडच्या मारुतीसमोर झालं होतं. माझं तसं होणार नव्हतं. टाकीसाठी आबांनी आपली माळाची जमीन देऊ केली, म्हणून स्टेशन इथं आलं. बोरखेडच्या देवराव पाटलांना ते आपल्या शिवेला हवं होतं. तेव्हापासून पाटलांनी आबांशी बोलणं टाकलं, आणि आबाही हट्टाला पेटले. माझ्या पोरीचं लग्न माझ्या दारात लावीन, म्हणाले. सोयरीक सासऱ्यांच्या गावी ठरली, त्यामुळं त्यांनी टाकी पाहिलीच नव्हती. ते आपले गाव समजून आले.

माझे सासरे सटवाजी. माणूस वाईट नव्हता, हे मी त्यांच्या घरी चाळीस वर्षं काढून सांगते. ओरडले नाहीत, भांडले नाहीत. शांतपणे आबांना म्हणाले की बिनदेवाच्या माळावर मी माझ्या पोराचा परण्या नेत नाही. मारुती दाखवा, आम्ही उठतो. ही गाडी पुढच्या ठाण्याला जाऊन दिवस मावळायच्या आत परत येते, तोवर वाट बघतो, नाहीतर त्याच गाडीनं माघारी.

आता मुहूर्त गोरजाचा. म्हणजे हातात किती वेळ, ते मोजा.

हळद लागलेली पोर आणि वऱ्हाड परत गेलं, तर पुढं काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बोरखेडला एक होती तशी, यमुनाबाई. तिचं वऱ्हाड वाटेतूनच फिरलं होतं. ती जन्मभर भावाच्या गोठ्यात शेण काढत राहिली, आणि गावात कुणाकडं कार्य असलं की तिला परड्याच्या दारानं बोलवायचे, भांडी घासायला. मी लहानपणी तिला चिडवलेलं होतं. ती सारखी डोळ्यांपुढं यायला लागली.

आबांनी शिंप्याला घोडं देऊन बोरखेडला पिटाळलं, की एवढ्यापुरतं परण्या तुमच्या मारुतीला आणू द्या. निरोप तासाभरात आला. पाटील म्हणाले, आणा की, देव काय माझ्या एकट्याचा आहे? फक्त अंबऋषीनं, म्हणजे आमच्या आबांनी, मारुतीसमोर चारचौघांत म्हणायचं की टाकी ही बोरखेडचीच वस्ती, आणि येत्या गुरुवारपासून बाजार बोरखेडला.

झालं. दहा घरांचे कर्ते दुकानाच्या ओट्यावर जमले. बाजार गेला तर लोहार काय करणार, शिंपी काय करणार, चहावाला कुणाला चहा पाजणार? बाजार द्यायचा नाही, हे एका तोंडानं ठरलं. मग कुणीतरी म्हणालं, आपणच मारुती बसवू. यावरही सगळे हो म्हणाले, आणि तिथंच माशी शिंकली. लोहार म्हणे आमच्या गावच्या मारुतीच्या पायाजवळचा चिरा आणू, फार जागृत आहे. शिंपी म्हणे, मग आमच्या गावच्या देवानं काय घोडं मारलंय? त्याचा मारुती दक्षिणमुखी, याचा नवसाला पावणारा, तिसऱ्याचा दासमारुती. मी मांडवातून ऐकत होते. आमचं सोडून प्रत्येकाचं गाव किमान दहा कोसांवर. जायला दिवस, यायला दिवस. आणि ही बापेमाणसं मान कुणाच्या गावाला यावर हमरीतुमरीवर आलेली. आबा मधे बसून जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते. मला इतका राग आला की काय सांगू. माझ्या बापाला बाजार दिसतोय, मी दिसत नाहीये, असं वाटलं मला.

ऊन कलायला लागलं होतं. टाकीची सावली मांडवाच्या खांबापर्यंत आली. मी चिमाला जवळ बोलावलं आणि म्हटलं, "तुझ्या दारातला दगड दे."

कचरूच्या खोपटापुढं काळाभोर दगड आडवा पडला होता, कमरेएवढ्या लांबीचा. टाकीचा पाया खोदताना निघालेला. कचरूनं तो लोटत लोटत दाराशी नेला आणि त्याची बायको सोजर त्यावर धुणं आपटायची, संध्याकाळी टेकून बसायची. मी आणि चिमा त्याच्यावर बसून चिंचा खात मोठ्या झालो. उभा केला तर वर रुंद, खाली निमुळता. मारुती व्हायला आणखी काय लागतं?

इथं एक सांगायला हवं. कचरूचं घर गावकुसाबाहेरच्या जातीचं. बोरखेडात त्यांना आमच्या आडाजवळ येता आलं नसतं. पण टाकीला कूसच नव्हतं, तर बाहेर कुठलं? आड नव्हता, ओढा नव्हता. इंजिनाचं पिणं झालं की टाकीच्या नळाला दिवसातून दोनदा धार लागायची, तेवढ्यात अकरा घरांनी भरून घ्यायचं. विटाळ मानत बसलं तर तहानलेलं राहावं लागे. पहिल्या वर्षी आईनं थोडी कुरकुर केली, मग नळाला विटाळ नसतो असं तिनंच ठरवलं. मग कोण आधी आलं त्याची कळशी आधी. माझ्या हळदीच्या आंघोळीचं पाणी सकाळी चिमानंच भरून आणलेलं होतं, कारण आई चुलीत अडकलेली. आम्ही काही संत झालो नव्हतो. एकच नळ होता, एवढंच.

चिमा पळत गेली आणि सोजरला घेऊन आली. सोजरनं माझ्याकडं बघितलं, पदरानं तोंड पुसलं, म्हणाली, "घ्या की. लेकीचं लगीन हाय. पर मी आता बसू कशावर?"

आई हसली. त्या दिवसात पहिल्यांदा हसली ती. पण लगेच तिला भीती वाटली. मारुतीला बाईमाणसाचा हात चालत नाही, आणि बापे तर तिकडं आपापल्या गावच्या देवांची थोरवी गात बसलेले. सोजरकडं त्याचंही उत्तर होतं. "आक्का, शेंदूर लागंस्तवर त्यो दगडच हाय. दगडाला कोन बी लागतं."

कचरूनं रुळावरची ढकलगाडी काढली. ती कंपनीची, साहेबाला कळलं असतं तर कचरूची नोकरी गेली असती. त्यानं आणि सोजरनं पहारीनं दगड गाडीवर चढवला, चिमानं मागून ढकललं, आणि फलाटाच्या उलट्या बाजूनं गाडी टाकीपाशी आणली. कुणाला पत्ता नाही. तिथल्या लिंबाखाली खड्डा घेतला. कचरू खड्ड्यात दगड उभा करून पाचर मारत होता, सोजर आणि चिमा दोन्ही बाजूंनी त्याला छातीशी धरून उभ्या होत्या. आईनं दुकानातून शेंदराची पुडी आणली, दिव्यातलं तेल घातलं आणि, बाप्यांची वाट बघायला वेळ नव्हता म्हणून, आपणच लावायला सुरुवात केली. दगड हलला की शेंदूर त्या दोघींच्या हातांना, चोळीला, चिमाच्या तर गालालासुद्धा. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते आणि देवाला म्हणत होते, लवकर हो बाबा, लवकर हो.

मग आईनं आबांना हाक मारली. ओट्यावरची सगळी माणसं उठून आली. मारुती कुणाच्याच गावचा नाही म्हटल्यावर कुणाचंच भांडण उरलं नाही. आबांनी मारुतीकडं बघितलं, मग सोजरकडं, आणि तिला हात जोडले. ते मी पाहिलं. नारळ फोडला, आणि माणसं फलाटाकडं गेली, चला, मारुती तयार आहे.

सटवाजी आधी एकटेच आले. माणूस बारीक नजरेचा. त्यांनी नमस्कार केला, बोटानं शेंदूर बघितला. "वला हाय."

"आज नव्यानं लावलाय," आबा म्हणाले.

"आन् देव बसवला कवा? कुणी?"

 देवासमोर खोटं बोलणं आबांना जमायचं नाही. दुकानात कधी ताजव्याला बोट लावलं नाही त्या माणसानं. खरं सांगावं तर लग्न मोडतंय. ते उपरण्यानं कपाळ पुसत राहिले. सटवाजींनी इकडंतिकडं पाहिलं. मारुतीपासून चार हातांवर सोजर आणि चिमा उभ्या होत्या. कचरू ढकलगाडी ठेवायला गेला होता. सटवाजींनी त्या दोघींना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मग सरळ मांडवाच्या कडेला आले, माझ्यासमोर.

"सूनबाईला इचारू," म्हणाले. "हळदीच्या अंगानं कोन खोटं बोलत न्हाई. पोरी, ह्या देवाला हात कुणाकुणाचा लागलाय?"

तेवढ्यात लांब वळणावर परतीच्या गाडीची शिट्टी झाली. फलाटावर वळकट्या उचलल्याचा आवाज यायला लागला.

मी म्हटलं, "आबांचा."

"एकट्याचा?"

"व्हय. एकट्याचा."

"आन् ह्या दोघींचा?"

चिमा माझ्याकडं बघत होती. तिनं हात पाठीमागं नेले होते. कुणी सांगितलं नव्हतं, तिचे तिनंच नेले. पण गालावरचा शेंदूर तसाच होता, तो तिला ठाऊक नव्हता. सटवाजींना तो दिसत होता. मला दिसत होता. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होता.

"न्हाई," मी म्हटलं. "त्या नुसत्या बघायला आल्यात. लांबनं."

लांबनं हा शब्द माझा. तो कुणी मागितला नव्हता. नाही म्हणून गप्प बसले असते तरी भागलं असतं.

सटवाजींनी मान हलवली. त्यांचं काम झालं होतं. जाता जाता आबांना एवढंच म्हणाले की देवाची जागा आहे, तर त्यांना लांबच उभं करत जा. आबा नारळाची शकलं गोळा करायला वाकले. सोजरनं चिमाचं कोपर धरलं, "चल," म्हणाली, आणि दोघी टाकीच्या पलीकडं गेल्या. गाडी आली, पाणी पिऊन रिकामीच गेली. वाजंत्री सुरू झाली. परण्या निघाला. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी रडले, आणि मावशी म्हणाली, पोर सासरी जायचं म्हणून रडतेय.

नवरदेव दिसला तो अंतरपाट दूर झाल्यावर. माणिक नाव. कान मोठे, डोळे भले. वाईट नव्हता. पंगती बसल्या, सगळं रीतसर पार पडलं. सोजरच्या घरची पानं शेवटी कुणीतरी त्यांच्या दारात नेऊन ठेवली. एरवी दुकानाच्या ओट्यावर बसून आईच्या हातची भाकरी खाणारी माणसं ती. कुणी ठरवलं, कुणी सांगितलं, कोण जाणे. त्या रात्री मी काही विचारलं नाही.

आता टाकीचं मोठं गाव झालंय. अकरा घरांतली त्या दिवसाची मीच एकटी जिवंत, म्हणून परवा पंचायतीची पोरं माझ्याकडं आली होती. गावाचा इतिहास छापतायत. त्यांच्या कागदावर लिहिलेलं की मारुती स्वयंभू आहे, नांगराच्या फाळाला लागला आणि मग भोवती गाव वसलं. वाचून दाखवलं आणि विचारलं, आजी, बरोबर आहे ना? मी म्हटलं, मला ऐकू कमी येतं. दोनदा तेच म्हटलं. मग ती चहा पिऊन गेली, आणि तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा नाही. म्हणून हे सांगतेय. सकाळचंही सांगते, तेवढं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं वऱ्हाड निघालं. इंजिन टाकीखाली उभं राहून पाणी पीत होतं आणि मी डब्यात खिडकीशी, हिरव्या शालूत. समोरच्या बाकावर सटवाजी आणि माणिक. इंजिनाचं पिणं झालं, नळाला धार लागली. चिमा पहिली आलेली होती. तिची कळशी नळाखाली, निम्मी भरलेली. तिनं मला पाहिलं. मी हात हलवावा म्हणून हात उचलला, तर हातभर चुडा वाजला, आणि सटवाजींनी मान वळवून बघितलं. मी हात खाली घेतला.

तेवढ्यात आई कळशी घेऊन आली, मला वाटेत प्यायला पाणी द्यायचं म्हणून. रोज चिमा भरत असली की आई शेजारी उभी राहून गप्पा मारायची. त्या दिवशी चिमानं आईला येताना बघितलं, निम्मी कळशी काढून घेतली आणि मागं सरली. एक पाऊल, दोन पावलं, पार लिंबापर्यंत जायला निघाली, तर तिथं मारुती. मग ती दुसरीकडं वळली आणि रुळाच्या खडीत जाऊन उभी राहिली.

मला वाटलं, आई आता म्हणेल, भर की गं आधी तुझी. आईच्या तोंडावर ते आलं होतं, मी माझ्या आईला ओळखते. पण तिनं वर बघितलं. डब्याच्या सगळ्या खिडक्यांतून वऱ्हाड बघत होतं. आई खाली वाकली. तिनं ओंजळीत पाणी घेऊन नळाचं तोंड धुतलं. एकदा, मग पुन्हा एकदा. मग त्याखाली कळशी लावली.

कळशी भरली, ती आईनं खिडकीतून वर दिली. सटवाजी म्हणाले, घे सूनबाई, लांबचा पल्ला आहे. चिमा तिथूनच बघत होती.  मी कळशी तोंडाला लावली आणि प्याले.